जावईबापूंना मला रागवायला सांगा

आदरणीय विहीणबाईंना मनापासून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत हे आधीच विचारून घेते, कारण एकदा माझं रडगाणं सुरू झालं की मला दुसऱ्या कोणाच्या दुखण्याचं भान राहत नाही. व्याहीबुवांचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे आमचे हे ठीक आहेत, लेक ठीक आहे, आणि तुमचे चिरंजीव, आमचे जावईबापू, तर इतके ठीक आहेत, इतके शांत आणि सुस्वभावी आहेत, की त्याबद्दलच मला तक्रार करायची आहे. (फोनवरही बोलता आलं असतं. पण फोन उचलताच तुम्ही विचारता, सगळं बरं ना, आणि मी सवयीने हो म्हणून बसते. एकदा हो म्हटल्यावर रडायला सुरुवात कुठून करायची?)

तर आधी थोडं मागचं सांगते. मी खोक्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. लेक शाळेत जायला लागली त्याच्या आधीपासून मी तिथे आहे. पुठ्ठा हातात घेतला की तो किती वाकेल, कुठे फाटेल, हे माझ्या बोटांना कळतं, आणि पट्टी लावायच्या आधी माझी रेघ ठरलेली असते. आता मालकांनी नवीन कटिंग मशीन आणलं आहे. ते झाकणाचं आहे, आकडे दाबले की आतल्या आत कापतं आणि पलीकडून माल बाहेर टाकतं. मालक म्हणाले, बाई, यापुढे अंदाज बंद, हिशेब सुरू. या मशीनवर जो उभा राहील त्याच्याकडे संध्याकाळच्या तंत्रवर्गाचं गणिताचं प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर मला मागे, गोदामाच्या दाराशी, बांधणीच्या टेबलावर बसायचं, म्हणजे दुसऱ्यांनी कापलेल्या खोक्यांच्या थप्प्यांना दोऱ्या बांधायच्या. बांधणीच्या बायका माझ्या मैत्रिणी आहेत, त्यांच्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण विहीणबाई, तुम्हाला म्हणून सांगते, मला ते टेबल नको. मला माझं टेबल हवं आहे. या वयात माणसाला जे थोडंफार चांगलं येतं तेवढंच काढून घेतलं तर मग उरलं काय, असं सारखं मनात येतं.

म्हणून मी वर्गात नाव घातलं. त्या तंत्रवर्गात समोरासमोर दोन खोल्या आहेत. एका खोलीत एक सर दर ओळीनंतर "हे तर उघडच आहे" असं म्हणतात, आणि फळा पुसतात. दुसऱ्या खोलीत आपले जावईबापू. मी पहिला आठवडा उघड-आहे सरांकडे काढला आणि त्या आठवड्यात मला एकही गोष्ट उघड झाली नाही. मग विचार केला, घरात गंगा असताना बाहेर पाणी कशाला शोधायचं, आणि कचेरीत जाऊन स्वतःच्या हाताने खोली बदलून घेतली. (तिथल्या लेखनिकाने विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, घरचे आहेत. त्याने खरोखर तसं लिहिलं.) हा मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला.

पहिल्याच दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा जावईबापू खुर्चीवरून उठून उभे राहिले. सर उभे राहिले म्हणून वर्ग उभा राहिला. मी बसेपर्यंत ते बसेनात, आणि ते बसत नाहीत तोवर बसायचं कसं हे मला कळेना, त्यामुळे जावईबापूंकडच्या कॅल्क्युलसच्या माझ्या पहिल्या तासाची पहिली पाच मिनिटं आम्ही सगळे राष्ट्रगीत चालू असल्यासारखे उभे होतो. मग ते म्हणाले, आई, तुम्ही इथे पुढे बसा, तिथे मागे वाऱ्याचा झोत येतो. त्या क्षणापासून अख्खा वर्ग मला आई म्हणतो. माझ्या शेजारी एक प्लंबर बसतात. ते माझ्याहून चांगले चार-पाच वर्षांनी मोठे आहेत, तेही म्हणतात, आई, जरा पट्टी द्या.

आता तिथे शिकवतात काय ते सांगते. (तुम्ही म्हणाल, चिरंजिवांनी आयुष्यभर हेच केलं आणि मला कधी कोणी सांगितलं नाही. मीच सांगते.) काहीतरी जास्तीत जास्त किंवा कमीत कमी हवं असतं. एका शेतकऱ्याकडे ठरावीक लांबीची तार आहे, त्याला नदीकाठी आयताकृती कुंपण घालायचं आहे, नदीच्या बाजूला तार लागत नाही, तर कुंपण कसं घातलं म्हणजे आत सर्वांत जास्त जमीन येईल. यासाठी त्या जमिनीचं एक समीकरण मांडायचं, त्याचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे ती किती झपाट्याने वाढते त्याचा हिशेब, काढायचा, तो शून्य धरायचा, आणि उत्तर आपोआप पडतं म्हणे. मी हात वर करून विचारलं, नदीला पूर आला तर? उघड-आहे सरांनी मला बाहेर काढलं असतं. जावईबापू म्हणाले, वा आई, हा फार महत्त्वाचा विचार आहे. आणि मग पूर, काठाची माती, जनावरं पोहून पलीकडे जाणं, या सगळ्यावर त्यांनी उरलेला तास घालवला. एकही गणित झालं नाही. बाहेर पडताना वर्ग माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, पण मूळ दुखणं हेच. तुमच्या चिरंजिवांना मला "चूक" म्हणता येत नाही. ते वर्गात इतरांना म्हणतात, आणि काय सुंदर म्हणतात. प्लंबरभाऊंना एकदा म्हणाले, डोकं काय नळाला लावून आलात? प्लंबरभाऊंचा चेहरा लाल झाला आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांचं उत्तर बरोबर आलं. माझ्या वहीजवळ आले की मात्र त्यांचा आवाजच खाली येतो. मी काहीही लिहिलेलं असो. "असंही म्हणता येईल." "हा वेगळा मार्ग आहे." "दिशा छान आहे, आई." दिशा छान आहे म्हणून मी त्या दिशेने चालत राहते, आणि भिंतीवर आपटते.

घरी मदत मागून पाहिली. आमचे हे म्हणाले, समजून कशाला घेतेस, पाठ करून टाक. (वीज कार्यालयात तीस वर्षं यांनी सगळे नियम असेच पाठ केले होते, आणि निवृत्तीच्या दिवशी एका दमात विसरले.) मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली, पुढच्या खोलीची भिंत म्हणजे नदी असं जाहीर केलं, दोन खुर्च्या खांब म्हणून उभ्या केल्या आणि मला दोरीचं कुंपण घालायला लावलं. आत किती फरश्या येतात ते आम्ही मोजत बसलो. खुर्च्या पुढे ओढ, मागे ढकल, पुन्हा मोज. विहीणबाई, उत्तर आलं. नदीच्या समोरची बाजू शेजारच्या बाजूच्या दुप्पट ठेवली की फरश्या सर्वांत जास्त. मला इतका आनंद झाला की मी यांना कुंपणातून बाहेर काढायचं विसरले. जावईबापू आले तेव्हा हे दोरीच्या आत बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी उत्तर सांगितलं, पद्धत सांगितली. जावईबापूंनी दोरीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, फार सुंदर. मग मी चाचणी परीक्षेत रीत या शब्दापुढे लिहिलं, "दोरी व फरश्या." त्यावर शेरा आला, "प्रात्यक्षिक स्तुत्य आहे." गुण किती, ते कोपऱ्यात इतकं बारीक लिहिलं होतं की मला वाटलं पेन घसरलंय.

लेकीला विचारावं तर ती सगळीकडून अडचणीत. माझी बाजू घेतली तर नवऱ्याशी भांडण, त्यांची घेतली तर आईशी. ती एवढंच म्हणते, आई, आम्ही तुझ्याकडे आलो की निदान जेवताना तरी त्यांना गणित विचारू नकोस. पण मग विचारू कधी? जेवतानाच तर ते उठून जाऊ शकत नाहीत.

शून्य का धरायचा हे मात्र त्यांनी मला नीट समजावलं, तेवढं श्रेय देते. म्हणाले, आई, टेकडी चढताना रस्ता वर जातो, उतरताना खाली जातो, आणि अगदी माथ्यावर क्षणभर सपाट असतो. तो सपाटपणा म्हणजे शून्य. मी म्हटलं, सपाट तर खड्ड्याच्या तळाशीही असतं. तर केवढे खूश झाले. वा आई, वा आई, असं दोनदा म्हणाले. पण मी बोलले त्याचा पुढे काय उपयोग करायचा हे काही त्यांनी सांगितलं नाही, कारण माझ्यासारख्या हुशार सासूला ते कळलंच असणार असं त्यांनी गृहीत धरलं. मला काय कळणार होतं? मी शेंडीपासून नखापर्यंत फुशारले आणि घरी येऊन झोपले.

आणि मग ते खोक्याचं गणित आलं. साठ सेंटिमीटरचा चौरस पुठ्ठा घ्या. चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून टाका, उरलेल्या कडा वर दुमडा, म्हणजे झाकण नसलेलं खोकं होतं. कोपरा केवढा कापला तर खोक्यात सर्वांत जास्त माल मावेल? (आधी मला रागच आला. आमच्याकडे कोपरे असे कापून कोणी टाकत नाही, खाच मारून आत दुमडतात, म्हणजे मजबुतीही येते आणि कातरणही पडत नाही. हे पुस्तक लिहिणाऱ्याने खोकं फक्त उघडलेलं असणार.) पण म्हटलं, पुठ्ठा आहे, खोकं आहे, हे तर माझं माहेर. समीकरण मांडलं, डेरिव्हेटिव्ह काढला, शून्य धरला. उत्तरं आली दोन, तीस आणि दहा. मी तीस घेतलं. का घेतलं विचाराल तर तीस आधी आलं होतं, आणि प्रश्नात "सर्वांत जास्त" असं होतं, मग मोठा आकडाच घ्यायला नको का? तरी खात्री असावी म्हणून जेवताना जावईबापूंना विचारलं, तीस बरोबर ना? त्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी तो बराच वेळ चावला. मग म्हणाले, आई, समीकरणाला दोन्ही चालतात.

समीकरणाला चालतात. समीकरणाला कुठे माल भरायचा होता?

दुसऱ्या दिवशी नेमकं मालकांनी मला बोलावलं. एका गिऱ्हाइकाला उघडी खोकी हवी होती, पुठ्ठा साठचाच. म्हणाले, बाई, हिशेब करून आकडा सांगा, पहिली थप्पी तुमच्या आकड्यावर कापू. माझी छाती भरून आली. सगळा कारखाना गोळा झाला होता, बांधणीच्या बायकासुद्धा. मी म्हटलं, तीस. मशीनवरच्या माणसाने तीस दाबलं. झाकण बंद झालं, पातं चाललं, आणि पलीकडून चौरसांच्या चार थप्प्या बाहेर आल्या. कडा इतक्या स्वच्छ की बोट फिरवावं. मालकांनी एक चौरस उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि विचारलं, बाई, खोकं कुठाय? मी म्हटलं, आत असेल. आणि विहीणबाई, मी खरोखर वाकून मशीनच्या आत पाहिलं.

साठच्या पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांकडून तीस-तीस कापलं तर मधे काही उरत नाही. हे सांगायला कॅल्क्युलस लागत नाही, कटिंगही लागत नाही. आयुष्य पुठ्ठ्यात गेलेल्या बाईला हे दिसलं नाही, कारण तिच्या हातात पट्टीऐवजी पेन्सिल होती. मला वाटलं, हिशेबातून आलंय म्हणजे माझ्या डोळ्यांनी आता गप्प बसावं. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, परीक्षा होऊ द्या, मग बघू, तोवर तुम्ही मागे बसा. तेव्हापासून मी बांधणीच्या टेबलावर आहे. मैत्रिणी माझ्याशी फार गोड वागतात, दोरी संपायच्या आधी दुसरी आणून देतात. मी मान खाली घालून गाठी मारते. घरी आल्यावर आमचे हे विचारतात, कसा गेला दिवस, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडते, म्हणजे आवाज बाहेर जात नाही.

त्या दुपारनंतर मी ठरवलं की मला कोणीतरी चूक म्हटलंच पाहिजे, मग त्यासाठी काहीही करावं लागो. प्लंबरभाऊंशी बोलले. पुढच्या गृहपाठाच्या वेळी माझ्या कागदावर त्यांचं नाव लिहिलं, त्यांच्या कागदावर माझं. (अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी मुद्दाम घाणेरडं काढलं. त्यांना बिचाऱ्यांना चांगलं काढावं लागलं, त्यात त्यांची संध्याकाळ गेली.) कागद परत आले. माझ्या कागदावर, म्हणजे त्यांच्या नावावर, लाल शाईने लिहिलं होतं, "कमाल विचारली आहे, तुम्ही किमान काढली आहे. दुसरा डेरिव्हेटिव्ह कोण बघणार, तुमचे काका? प्रश्न वाचता येतो का?" मी ते तिथेच बाकावर बसून तीनदा वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टेकडी आणि खड्डा, दोन्हीकडे सपाट असतं हे मीच म्हटलं होतं. कोणतं उत्तर टेकडीचं आणि कोणतं खड्ड्याचं, हे बघायला डेरिव्हेटिव्हचा पुन्हा एकदा डेरिव्हेटिव्ह काढायचा. अधिक आला तर खड्डा, उणे आला तर टेकडी. (उणे आलं की कमाल, ही कुठली रीत, ते मला विचारू नका. पण आहे ती आहे.) तीसला अधिक येतो. तीस हा खड्डा होता, आणि मी सगळ्या कारखान्यासमोर त्यात उडी मारली होती.

इकडे प्लंबरभाऊंचा कागद माझ्या नावाने परत आला होता. पाचपैकी पाच गणितं चुकलेली, आणि खाली हिरव्या शाईने, "मांडणी अतिशय नेटकी. असाच उत्साह राहू द्या." प्लंबरभाऊ म्हणाले, आई, परत असं करायचं नाही, मला याने काही कळत नाही. बरोबरच होतं त्यांचं. इतके दिवस मी तेच खात होते.

तर विहीणबाई, आता मुद्द्यावर येते. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. एवढ्या दिवसांत मी शिकू शकते, मला खात्री आहे, पण माझ्यावर कोणीतरी लाल शाई वापरली पाहिजे. मी स्वतः त्यांना म्हणून पाहिलं, जावईबापू, तुम्ही मला रागवत जा. ते म्हणाले, बरोबर आहे, आई. आता मी काय करू? मोठ्यांना उलटून बोलायचं नाही हे त्यांना तुम्ही शिकवलंत, आणि फार पक्कं शिकवलंत, त्याबद्दल एरवी मी तुमचे पाय धरले असते. पण ते आता परीक्षेपुरतं सैल करता येईल का? तुम्ही आई आहात, तुमचं ते ऐकतील. त्यांना सांगा, तुझ्या सासूला चूक म्हण, डोकं नळाला लावून आलात का असं विचार, काकांवर जा. माझी त्याला पूर्ण परवानगी आहे, आणि मी मनाला लावून घेणार नाही हे मी तुम्हाला शब्द देऊन सांगते.

व्याहीबुवांना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमच्या सुनेची आई

ता. क. वर जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण एक गोष्ट राहिली. आमचे पेपर जावईबापूच तपासणार आहेत. नाव झाकलेलं असतं, पण माझं अक्षर त्यांना ओळखू येतं, आणि आता प्लंबरभाऊ तयार नाहीत. मला भीती नापास होण्याची कमी आहे, ते मला पास करतील याची जास्त आहे. समजा त्यांनी मांडणी नेटकी म्हणून मला प्रमाणपत्र दिलं. मी परत त्या मशीनपुढे उभी राहीन, सगळे मागे उभे असतील, आणि आकडा सांगायची वेळ येईल. मी कोणाची सासू आहे हे त्या पात्याला काय ठाऊक? तेव्हा त्यांना असंही सांगा की मी नापास असेन तर मला नापास करा. हे वाक्य दोनदा खोडलं, पण लिहिते.

ता. क. दुसरा. पत्र चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून परत उघडलं आहे, म्हणून पाकीट असं सुरकुतलेलं दिसेल. दोन दिवस ते पर्समध्येच राहिलं, आणि काल संध्याकाळी जावईबापू आणि लेक आमच्याकडे जेवायला आले. जेवण लागायला वेळ होता म्हणून मी त्यांना एक गणित दाखवलं. पत्र्याचा बंद गोल डबा, आत किती मावायचं ते ठरलेलं, कमीत कमी पत्रा लागेल असा आकार काढा. मी डबा केला होता, उंची आणि त्रिज्या सारखी. दुसरा डेरिव्हेटिव्हही तपासला होता, आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. लेकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, आई, हे चूक आहे.

माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, तोंडावर. ज्यासाठी मी तुम्हाला एवढी पानं लिहिली ते अखेर घडलं, आणि तुम्ही काही न सांगता त्यांनी आपल्या हिमतीवर केलं. आणि मी काय केलं? मी "बरं" म्हणाले आणि आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. जोरात घासली. लेक आत आली तर तिला, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाले की या घरात माझ्याशी आजवर असं कोणी बोललेलं नाही. मी बाहेर आले तेव्हा जावईबापूंचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, म्हणजे, आई, असंही म्हणता येईल. ते ऐकून मला आणखी राग आला. मी म्हणाले, काही म्हणू नका. ते दोघं न जेवता गेले. आमचे हे एकटेच चौघांचं जेवण समोर घेऊन बसले होते, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ते गेल्यावर मी फळीवरचा एक डबा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. डब्याला झाकण होतं. माझ्या गणितातल्या डब्याला नव्हतं. आयुष्यभर उघडी खोकी कापली ना, झाकणाचा पत्रा धरायचा मी विसरूनच गेले होते. तो धरला, पुन्हा मांडलं, आणि उंची त्रिज्येच्या दुप्पट आली, म्हणजे डबा जेवढा रुंद तेवढाच उंच. पुस्तकाच्या मागे तेच उत्तर आहे. कोणाच्याही मदतीशिवाय सुटलेलं हे माझं पहिलं गणित. (मदतीशिवाय असं म्हणवत नाही खरं. ते चूक म्हणाले नसते तर मी डबा फळीवरून काढलाच नसता.)

आज सकाळी लेकीचा निरोप आला. जावईबापूंनी कचेरीत जाऊन मला समोरच्या खोलीत, उघड-आहे सरांकडे, हलवलं आहे. पेपरही तेच सर तपासतील. म्हणजे आईंना माझा संकोच नको, असं ते तिला म्हणाले. उद्या संध्याकाळपासून मी त्या खोलीत.

विहीणबाई, वरचं सगळं फाडून टाका. एकच करा, हे पत्र हातात पडल्याबरोबर त्यांना फोन करा. (पत्र हातानेच पाठवते आहे. प्लंबरभाऊंना तुमच्या भागात एक टाकी बघायची आहे, ते आणून देतील.) त्यांना सांगा, डब्याला झाकण असतं हे सासूबाईंना कळलंय, आणि डबा जेवढा रुंद तेवढाच उंच येतो. त्यांना सांगा, तिला तुझ्याच वर्गात परत घे, आणि ती पुन्हा भांडी घासायला उठली तर गप्प बसू नकोस, मागोमाग स्वयंपाकघरात जा आणि परत एकदा चूक म्हण. मीच फोन केला असता. सकाळपासून तीन वेळा उचलला. पण त्यांनी उचलला आणि आधीच म्हणाले, आई, माझं चुकलं, तर मी पुन्हा "बरं" म्हणेन, आणि मग आम्हा दोघांचंही काही खरं नाही. हे मी सांगितलं असं मात्र त्यांना सांगू नका.